नावं न उरलेल्या आज्यांविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लाळेच्या चाचणीवरून पूर्वज शोधण्याविषयी लेख आला होता. त्यात आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांवर दोनच ओळी होत्या. कोकणातल्या शनवार तेल्यांचं ज्यू असणं आता डीएनएने सिद्ध झालं आहे, अशा अर्थाच्या. लेखकाने आपुलकीनेच लिहिलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘सिद्ध झालं’ हे शब्द वाचल्यापासून चैन पडेना, म्हणून हे पत्र.

माझं माहेर आणि सासर दोन्ही अलिबाग तालुक्यातलं. नोकरी ठाण्यात, मराठी शिकवण्यात गेली. आमच्या घरात लहानपणी झोपताना राजाराणीच्या गोष्टीऐवजी गलबताची गोष्ट असायची. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. वाहून आलेल्यांना तिथेच मूठमाती दिली. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे धरले, शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून आम्ही शनवार तेली. नागावात राहिलो ते नागावकर झालो, पेणला गेलो ते पेणकर. हिब्रू विसरलो. ‘शेमा’ची प्रार्थना तेवढी तोंडात राहिली, तीच जन्माला, लग्नाला आणि मयताला म्हणायची.

दीड वर्षापूर्वी टोरांटोला असलेल्या माझ्या भाचीने ही चाचणी केली. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, नळीत खुणेपर्यंत लाळ भरायची, वरचा फेस धरायचा नाही, असं सगळं ती मला फोनवर हौसेने सांगत होती. काही आठवड्यांनी पुन्हा फोन आला तो रडतच. “मावशी, यात निम्म्याहून जास्त भारतच आहे गं. मग आपण नक्की कोण?” त्या प्रश्नाला मी त्या दिवशी जे उत्तर दिलं ते धड नव्हतं. नंतर वाचलं, विचार केला. आज तेच नीट सांगायचा प्रयत्न करते.

आमच्यावरचा मोठा अभ्यास ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात 2016 साली आला. त्यात बेने इस्राएल किती होते? 18. त्यांची तुलना इतर 41 ज्यू, भारतीय आणि पाकिस्तानी समूहांतल्या 486 जणांशी केली होती. निष्कर्ष असा की आम्ही जनुकांनी आसपासच्या भारतीय लोकांसारखे आहोत, तरी त्यांच्यात वेगळे उठून दिसतो, आणि मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वाटा आमच्यात भरपूर आहे. हे दोन प्रवाह 19 ते 33 पिढ्यांपूर्वी मिसळले. हा काळ मिसळण्याचा आहे, येण्याचा नव्हे. गलबत कधी फुटलं हे त्यातून कळत नाही. आणि पुढचं वाक्य आमच्यातले बरेच जण वाचायचं टाळतात : ज्यू वाटा जास्त करून पुरुषांकडून आला आणि स्थानिक वाटा जास्त करून बायकांकडून.

आता हे 1962 सालाशेजारी ठेवून पाहा. आमच्यातले हजारो लोक तोवर इस्राएलला जाऊन पोचले होते. त्या वर्षी तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं की बेने इस्राएलांचं बाहेरच्या ज्यूंशी लग्न लावताना आई, आईची आई, तिची आई असं जमेल तितकं मागे जाऊन कूळ तपासावं. ज्यू धर्मात मूल आईच्या बाजूने ज्यू ठरतं, म्हणून हा तपास. आमच्या लोकांनी निदर्शनं केली, 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला येऊन ठिय्या दिला. त्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेत ठराव झाला की हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि मग त्या फर्मानातून आमचं नाव निघालं. ते लोक लाळेच्या नळ्या घेऊन बसले नव्हते. आम्ही कोण ते आम्हाला ठाऊक आहे, एवढ्याच जोरावर बसले होते. त्या वेळी ही चाचणी असती आणि कोणी तिलाच दाखला मानलं असतं, तर आईची बाजू कोकणची निघाली म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं. म्हणून ज्या कागदाने आज आम्हाला ज्यू ‘सिद्ध’ केल्याचा आनंद होतो, तो कागद हातात घेताना मला भीती वाटते. तोच उलटा धरला की आम्ही बाहेर.

त्या कोकणच्या बायकांची मला लाज वाटत नाही. सात बायकांची गोष्ट खोटी म्हणायची घाईही नाही. गलबतातून त्या उतरल्याही असतील. पण त्यांच्यानंतर कुणी आगरी, कुणी कोळी, कुणी आणखी कुणाची लेक या घरांत आली असेल, आणि आली ती पुरती आमची होऊन राहिली. आमच्या धर्मग्रंथातली रूथ मवाबी होती, परकी होती, आणि दावीद राजाची पणजी ती हीच. तिचं नाव राहिलं. आमच्या रूथचं नाव कोणी ठेवलं नाही.

ती मला दिसते ती आमच्या सणांच्या नावांत. नवं वर्ष म्हणजे नव्याचा सण. मोठ्या उपासाचा दिवस म्हणजे दरफाळणीचा सण. जेरुसलेमच्या देवळाच्या नाशाचा उपास जगभरचे ज्यू पाळतात, आम्ही त्याला बिरड्याचा रोजा म्हणतो. माझी आजी त्यासाठी आधी वाल भिजत घालायची, मग फडक्यात घट्ट बांधून मोड आणायची. मोड आले की परातीत कोमट पाणी, आणि आम्ही पोरी भोवती बसून एकेक वाल चिमटीत धरून सोलायचो. साल सुटून दाणा बोटांतून सटकला की आजी म्हणायची, मोड मोडू नका गं. दोन हजार वर्षांपूर्वी पडलेल्या देवळाचं दुःख आणि नारळाच्या रसातलं बिरडं एका दिवसावर कोणी आणलं? ज्या बाईला वालाला मोड कसे आणायचे ते आपल्या आईकडून ठाऊक होतं आणि देवळाचं दुःख नवऱ्याच्या घरी कळलं, तिनेच ना? मी हे कुठल्या प्रयोगशाळेत तपासून सांगत नाही. पण परातीशी बसलेली ती बाई मला टक्केवारीपेक्षा खरी वाटते.

त्या टक्केवारीबद्दलही सांगायला हवं, कारण लेखात ते आलं नाही. कंपनी आपली लाळ हजार वर्षांपूर्वीच्या माणसांशी ताडून बघत नाही. तिच्याकडे आज जिवंत असलेल्या लोकांचे जे नमुने आहेत त्यांच्याशी बघते. नमुने वाढले की आकडे बदलतात. माझ्या भाचीचे वर्षभरात दोनदा बदलले, ती मात्र तीच आहे. आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक भाग असतात, त्यांचा डीएनए फक्त आईकडून येतो. आई, तिची आई असा जाणारा हा धागा खरोखर न तुटता मागे जातो, आणि बाईचा माग लावणारी दुसरी अशी वाट नाही, म्हणून मला त्याचं अप्रूप आहे. पण दहा पिढ्या मागे आपले 1024 पूर्वज असतात आणि हा धागा त्यांतल्या एकाच बाईशी नेतो. उरलेल्यांबद्दल तो काही बोलत नाही. आमच्यासारख्या आपसांत सोयरीक करणाऱ्या लहान समाजात तर तेच पूर्वज पुन्हापुन्हा येतात. भाचीच्या ‘नातेवाइकां’च्या यादीत जिकडेतिकडे ‘कर’ आडनावंच होती, आणि कुणाचं नातं कितवं ते कंपनीलाही धड सांगता येईना. लांबचे भाऊ जवळचे दिसत होते.

आणखी एक. लाळ आपण आपली देतो, पण त्यातून भावंडांची, मुलांची, न विचारलेल्या आत्या-मामांचीही माहिती जाते. ट्वेन्टी थ्री अँड मी या मोठ्या अमेरिकी कंपनीकडून 2023 मध्ये सुमारे 69 लाख लोकांची माहिती चोरट्यांच्या हाती गेली आणि 2025 च्या मार्चमध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. भारतात आज आम्ही जेमतेम काही हजार उरलो आहोत. आमच्यातल्या थोड्या जणांनी नळ्या भरल्या तरी सगळ्या समाजाचं घर उघडं पडतं. लग्नाआधी आनुवंशिक आजारांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करणं ही वेगळी गोष्ट. ती जरूर करावी, आमच्यासारख्या समाजाने तर नक्कीच.

भाचीला मी शेवटी काय सांगितलं तेही लिहिते. म्हटलं, अगं, तू विचारतेस आपण कोण, तर तो ‘गं’ तुला कोणी दिला ते आधी शोध. मग आम्ही दोघींनी मिळून एक वही केली. वरून खाली फक्त बायका. ती, तिची आई म्हणजे माझी बहीण, आमची आई, आजी, पणजी. पणजीचं नाव मला आईकडून ऐकून ठाऊक होतं. तिच्या आईचं नाव कोणालाच ठाऊक नाही, एवढंच कळलं की ती रेवदंड्याकडची आणि घाण्याच्या बैलाला नावाने हाक मारायची. बैलाचं नाव राहिलं आहे, मोत्या. तिचं नाही.

म्हणून आपल्यामार्फत वाचकांना विनंती करते. अलिबाग, रेवदंडा, पेण, मुरूड, म्हसळा या भागांत आमच्या जुन्या दफनभूमी आहेत. कित्येक दगडांवर हिब्रूखाली मराठीत नावं कोरलेली आहेत, बायकांचीही. दर पावसाळ्यात अक्षरं झिजतात, काही ठिकाणी रान माजलं आहे. जवळ कोणी राहत असेल तर दगडावर पाणी मारून, तिरप्या उन्हात फोटो काढून ठेवावा. जुन्या खरेदीखतात, घाण्याच्या हिशेबात, शाळेच्या जनरल रजिस्टरात आमच्यातल्या कोणा बाईचं माहेरचं नाव सापडलं तर आपल्या कार्यालयात कळवावं. माझा पत्ता मी आपल्याकडे दिला आहे. रेवदंड्याला तेलाचा घाणा कुठे होता हे सांगणारं कोणी जुनं माणूस असेल, तर त्यांच्याकडे मी स्वतः येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, ठाणे