बाबांच्या पिण्याच्या वस्तूंविषयी

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांच्या रक्ततपासणीचा अहवाल मिळाला. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे क्रिएटिनिन मागच्या वेळेइतकेच आहे, परंतु पोटॅशियम 5.6 झाले आहे; ते साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असावे. मूत्रपिंडे दुबळी झाली की जास्तीचे पोटॅशियम लघवीवाटे पुरेसे जात नाही आणि ते फार वाढल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

बाबा, बाटलीतल्या काळ्या कोल्ड्रिंकला तुम्ही हात लावत नाही, हे मला ठाऊक आहे. माझी काळजी आहे ती लोक मायेने आणून देतात त्या वस्तूंची. भेटीला येणारा प्रत्येक जण शहाळे घेऊन येतो, मामा वरूडहून संत्री पाठवतात आणि आई, तू ती पिळून पेलाभर रस बाबांच्या हाती देतेस. एका शहाळ्याच्या पाण्यात 500 मिलिग्रॅमच्या आसपास, तर पेलाभर संत्र्याच्या रसात 400 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. आजाऱ्याला जे सर्वांत चांगले म्हणून द्यावे, तेच सध्या बाबांना वर्ज्य आहे.

शेतातून आल्यावर थकवा वाटला म्हणून ओआरएसची पुडीही परस्पर फोडू नये. लिटरभर पाण्याच्या पुडीत 2.6 ग्रॅम मीठ आणि 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. जुलाब झाले तर आधी डॉक्टरांना फोन करावा. पन्ह्यात आणि मठ्ठ्यात मीठ असते, म्हणून तेही नको. दुधाचा चहा दोन वेळा, तोही अर्धा कप, एवढी मुभा डॉक्टरांनी दिली आहे. किडनी साफ करणारा म्हणून शेजारचे काका जो काढा सुचवतात, तो मात्र कोणत्याही कारणाने घेऊ नये; त्यात काय आहे, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

राहिले पाणी. आपले गाव खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणीच खारट असलेल्या भागात, असल्याने बोअरचे पाणी बाबांना देऊच नये. आई, तू ते उकळून देतेस. परंतु उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत, उलट पाणी आटते तसे ते दाटच होतात. नळाचे पाणी आले की पिण्यापुरते वेगळ्या माठात भरून ठेवावे आणि नळ लांबला तर आरओचा जार मागवावा. पायांवर सूज नाही व लघवी नीट होते, म्हणून डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेले नाही. तेव्हा वैशाखाच्या उन्हात बाबांनी तहान मारू नये. तोंडाला चव हवी असल्यास थोडे लिंबू पिळावे, मीठ न घालता. सूज दिसली किंवा दम लागला तर त्याच दिवशी मला कळवावे.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी आहे. त्या दिवशी मी रजा घेऊन येते. मामांना फोन मीच करते, म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही.

आपली लेक