बुलेटखालचं तेल आणि तुमचा पेपर

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी पुरवणीत जुन्या गाड्यांवर लेख आला होता, फोटो तर एकदम झकास होते, पण त्यात ते एक वाक्य होतं ना, की जुन्या बुलेटखाली तेलाचा डाग दिसला नाही तर समजायचं इंजिनातलं तेल संपलंय, ते वाचून डोकंच फिरलं. हा जोक मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. आणि याच जोकमुळे कोणी गळती शोधायच्या भानगडीत पडत नाही, मेस्त्री पण म्हणतो अहो जुनी गाडी आहे, थोडं येणारच, आणि आपण पण मान हलवून पैसे देऊन घरी येतो. म्हणून हे पत्र.

माझ्याकडे वडिलांची १९८४ ची बुलेट आहे, कास्ट आयर्न इंजिन, ३४६ सीसी, गिअर उजव्या पायात. आमच्या साताऱ्याच्या घराच्या पडवीत शहाबादी फरशी आहे आणि त्या फरशीवर कित्येक वर्षं एक काळा डाग होता, आई त्याच्यावर राख टाकायची, भुसा टाकायची, शेवटी तिने पोतंच अंथरलं. मी चार-पाच वर्षांपूर्वी ठरवलं की बास झालं, आता छडा लावायचा.

पहिल्यांदा गॅरेजला दिली. तेल उजव्या बाजूला, टायमिंग कव्हरच्या (इंजिनाच्या उजव्या झाकणाच्या) बुडाशी जमायचं, म्हणून त्यांनी टायमिंग कव्हरचं पॅकिंग बदललं. आठ दिवस बरं गेलं, परत सुरू. परत पॅकिंग, यावेळी वर ट्यूबमधला काळा सिलिकॉन भरपूर फासून, बाहेरून गाडीच्या ओठातून शेवया बाहेर आल्यासारखा दिसत होता. बाहेर जेवढा येतो तेवढाच आत पण जातो हे तेव्हा मला कुठं माहीत. नंतर फिल्टरचं झाकण खोललं तेव्हा त्या फेल्टच्या फिल्टरवर काळ्या रबराचे बारके बारके गांडुळासारखे तुकडे चिकटलेले निघाले, हातात धरून बघितले आणि पोटात गोळाच आला, कारण यातला एखादा तुकडा तेलाच्या भोकात अडकला असता तर थेट बिग एंडवर, म्हणजे पिस्टनचा दांडा खाली जिथे फिरतो त्या बेअरिंगवर, बेतलं असतं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, तिथल्या पोराला त्याच्या उस्तादाने जे शिकवलं तेच त्याने केलं.

मग मीच बसलो. पहिलं काम धुणं. डिझेल आणि ब्रशने सगळं इंजिन घासलं, फिन्सच्या, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या पातळ पट्ट्यांच्या, मधली घाण काढायला जुना टूथब्रश. तेल आणि धूळ मिळून तिथे जी खरवड बसते ती एरवी पण वाईटच, कारण हे इंजिन वाऱ्यावर गार होतं आणि फिन्सवर खरवड म्हणजे उन्हाळ्यात गोधडी पांघरल्यासारखं. मग कोरडं पुसून आईचा पावडरचा डबा घेतला आणि अख्ख्या इंजिनाला पावडर लावली, आई म्हणाली मला कधी एवढी लावून दिली नाहीस. मग लिंबखिंडीपर्यंत एक चक्कर मारून आलो, आणि बघतो तर टायमिंग कव्हरच्या जॉइंटवर पावडर तशीच पांढरीशुभ्र, आणि वरून हेडकडून, म्हणजे इंजिनाच्या माथ्याकडून, एक ओली रेघ फिन्समधून खाली उतरलेली! म्हणजे तेल गळत होतं वर, दिसत होतं खाली. हेडला रॉकरसाठी (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांसाठी) जी बाहेरून तेलाची बारकी नळी जाते तिच्या बोल्टला दोन बाजूला तांब्याचे वायसर असतात, ते दाबून दाबून दगडासारखे झालेले. तांबं दाबलं, ठोकलं की कडक होतं, आणि लाल करून गार केलं की परत मऊ पडतं, पुण्याच्या तांबट आळीत हंडे-पातेली ठोकणाऱ्यांना हे कोणी सांगायला नको. वायसर चिमट्यात धरून गॅसवर लालबुंद केले, गार झाल्यावर पॉलिश पेपरने घासले, परत बसवले. खर्च शून्य.

उजवी बाजू कोरडी झाली, मी खूश, आणि पंधरा दिवसांनी डावीकडून थेंब चालू.

इथे मला जे कळलं ते सगळ्या बुलेटवाल्यांनी ऐकावं. पॅकिंग हा बहुतेक वेळा गुन्हेगार नसतोच, गुन्हेगार असते आतली हवा. पिस्टन खाली येतो तेव्हा खालच्या केसमधली (इंजिनाच्या खालच्या पेटीतली) हवा ढकलतो, गाडी ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला ५० वेळा, आणि ती हवा बाहेर जायला एक नळी दिलेली असते, तिच्या तोंडाला बदकाच्या चोचीसारखं चपटं रबर. हवा बाहेर जाताना चोच उघडते, पिस्टन वर जाताना मिटते, म्हणजे आत कायम थोडी ओढ राहते आणि तेल आतच राहतं. माझी चोच उन्हाने आणि तेलाने लाकडासारखी कडक होऊन अर्धी मिटून बसलेली. मग हवा जाणार कुठं? जिथे जॉइंट कमजोर तिथून, आणि जाताना तेल घेऊन. अशा वेळी तुम्ही एक जागा सील केली की दुसरी फुटते, ती केली की तिसरी, आणि मेस्त्री म्हणतो बघा म्हटलं होतं ना जुनी गाडी. तपासायला सोपं आहे, रबर काढा, साबणाने धुवा, तोंडात धरून फुंका, हवा जायला पाहिजे, ओढली तर येता कामा नये. नवीन रबर दोन वडापावच्या पैशात येतं. (पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतील तर मात्र वरचाच गॅस खाली येत राहतो, तिथे चोच बदलून भागत नाही, बोअरचं, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या भोकाचं, काम काढावं लागतं.)

तिसरी भानगड माझी मीच केली. या इंजिनात तेलाची टाकी केसच्याच मागच्या भागात वेगळी असते, एक पंप तिथून तेल आत पाठवतो आणि दुसरा मोठा पंप खाली पडलेलं तेल परत टाकीत टाकतो. गाडी महिनाभर उभी राहिली की पंपातून थेंब थेंब झिरपून टाकीतलं तेल खाली केसमध्ये उतरतं. मी दिवाळीनंतर तेल मोजायची काठी काढून बघितली, तेल तळाला, घाबरून अर्धा लिटर ओतलं. किक मारली आणि त्या नळीतून पिचकारी, रंगपंचमीच! तेल कमी झालंच नव्हतं, नुसतं जागा बदलून बसलं होतं. गाडी पाच-दहा मिनिटं चालवून मग काठी बघायची असते, हे मला चाळिशीत कळलं.

बाकी किरकोळ जागा. टॅपेटचं (व्हॉल्व्हची फट जुळवायच्या जागेचं) झाकण, एकाच नटावर असतं, ते वारंवार खोललं जातं आणि प्रत्येक जण आधीच्यापेक्षा जास्त आवळतो, बिचारं कॉर्कचं पॅकिंग चुरा होतं आणि झाकण वाकतं. डावीकडचं क्लचचं मोठं कव्हर, ते पण मधल्या एका नटावर, तिथे सुद्धा ताकद दाखवून उपयोग नाही, गोल रबर खाचेत नीट बसलंय का ते बघा, आणि आल्टरनेटरची वायर जिथून बाहेर येते तिथलं रबर पण. झाकण सपाट आहे का बघायला जाड काच घ्या, त्यावर पॉलिश पेपर अंथरून झाकण हलक्या हाताने गोल गोल फिरवा, उंच जागा लगेच चमकायला लागतात.

आणि हो, वाऱ्यावर गार होणारं इंजिन जरा जास्त गळतं यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. बॅरल (सिलिंडर) बिडाचं, म्हणजे कास्ट आयर्नचं, केस अॅल्युमिनियमची, अॅल्युमिनियम गरम झाल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं, आणि पाण्यावरच्या इंजिनासारखं याचं तापमान एका जागी राहत नाही, डिसेंबरच्या सकाळी वेगळं आणि एप्रिलात वरंधा घाट चढताना वेगळं. जॉइंट रोज सरकतात. पण सरकतात म्हणजे वाहतात असं नाही ना! पहिल्या पावसात वळणावर एखादा स्कूटरवाला घसरून पडतो तेव्हा त्या रस्त्यावरच्या तेलात आपल्या गाडीचे पण थेंब असतात, त्याला जाऊन हा जोक सांगून बघा.

सध्या माझी गाडी उभी करताना मी खाली तुमचाच पेपर अंथरतो, मागच्या चाकाची खूण करून रोज एकाच जागी, म्हणजे डाग कुठल्या कॉलमवर पडला त्यावरून वरची जागा लगेच सापडते. गेले दोन महिने पेपर कोरडा आहे, फक्त गिअरबॉक्सखाली आठवड्याला एक थेंब, परवा बरोबर राशिभविष्यात वृश्चिकेवर पडला. स्प्रॉकेटमागचं (चेनच्या दातेरी चक्रामागचं) ऑईल सील असणार, पुढच्या सुट्टीत खोलतो.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा

ता.क. : पुरवणीचा गुळगुळीत कागद या कामाला चालत नाही, थेंब पसरतो आणि जागा कळत नाही. मेन पेपरच घ्यावा.