यंत्राचं नाव पॅकेज बसवताना नव्हे, पहिल्या बूटला ठरावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहकारी संस्थांनी लिनक्स वापरावं, हे आपल्या पुरवणीतल्या लेखाचं म्हणणं मला मनापासून पटलं. मी सांगलीत एका पतसंस्थेचे सर्व्हर सांभाळतो. मात्र ‘एक सर्व्हर तयार करा आणि हव्या तितक्या प्रती काढा’ या सल्ल्याला पुस्ती जोडणं गरजेचं आहे.

नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजला जोडणाऱ्या प्रत्येक यंत्राला स्वतःचं वेगळं नाव लागतं. आयस्कझी आणि एनव्हीएमई या नेटवर्कवरून डिस्क जोडण्याच्या दोन पद्धती. आयस्कझीत ते नाव सहसा ‘आयक्यूएन’नं सुरू होतं, एनव्हीएमईत ‘एनक्यूएन’नं. कुठली डिस्क कोणाला द्यायची, हे स्टोरेज या नावावरून ठरवतं. काही पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार संच, हे नाव इन्स्टॉल होतानाच बनवून फाइलीत लिहून टाकतात. त्या यंत्राच्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, काढली की नावही प्रत्येक प्रतीत जातं.

आमचे दोन सर्व्हर असेच एका नावानं जोडले गेले. एकानं लॉगिन केलं की स्टोरेजला वाटे, जुनंच यंत्र परत आलं. ते आधीचं सत्र बंद करी. मग दुसरा लॉगिन करी आणि पहिला बाहेर. लॉगमध्ये फक्त कनेक्शन तुटल्याच्या ओळी, त्यामुळे सगळ्यांचा संशय केबल आणि स्विचवर. एक्स्ट४ ही फाइल-रचना एका वेळी एकाच यंत्रासाठी असते; दोघांनी अशी एकच डिस्क एकाच वेळी माउंट केली, म्हणजे वापरायला जोडली असती, तर सभासदांच्या खात्यांचा डेटाच खराब झाला असता.

एनव्हीएमईसाठीच्या एनव्हीएमई-सीएलआय या पॅकेजमध्ये आणखी एक मेख आहे. नाव बनवताना ते फर्मवेअरमधला यूयूआयडी (यंत्राचा एकमेव ओळख-क्रमांक) मिळाला तर तोच घेतं. इमेज बिल्ड सर्व्हरवर (इमेज बनवणाऱ्या यंत्रावर) सीएचरूटमध्ये, म्हणजे त्याच यंत्रातल्या वेगळ्या फोल्डरात, तयार होत असेल, तर त्या बिल्ड सर्व्हरचाच यूयूआयडी सगळ्या प्रतींत पोहोचतो!

उपाय अवघड नाही. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराचं ओपन-आयस्कझी पॅकेज फाइलीत ‘जनरेटनेम=येस’ एवढीच ओळ ठेवतं; खरं नाव सेवा पहिल्यांदा सुरू होताना बनतं. लिनक्स सुरू करणारं सिस्टमडीही मशीन-आयडीची (यंत्राच्या ओळखीची) रिकामी फाइल पहिल्या बूटला भरतं. स्टोरेजच्या सगळ्याच पॅकेजांनी ही पद्धत घ्यावी. मात्र आधीपासून असलेल्या नावाला अपडेटनं हात लावू नये. नाव बदललं की स्टोरेजवरची परवानगी जाते आणि सकाळी शाखा उघडताना डिस्कच दिसत नाही.

पॅकेजं सांभाळणाऱ्या मराठी तरुणांनी आपापल्या इन्स्टॉल स्क्रिप्ट एकदा या नजरेनं तपासाव्यात, ही विनंती. तोवर इमेज काढण्यापूर्वी सेवा थांबवून नावाची फाइल रिकामी करावी, डेबियनवर वरची ओळ परत लिहावी, आणि प्रत स्टोरेजला जोडण्याआधी तिला नवं नाव मिळालं की नाही, ते पाहावं.

आपला,
एक सर्व्हर व्यवस्थापक, सांगली