घोड्यांचे फोटो काढायचेत तर तबेल्यात ये

प्रिय मन्या,

कॅमेरा घेतलास हे बेस्ट केलंस! आणि सुरुवात माथेरानच्या घोड्यांपासून करायची म्हणतोयस हे वाचून तर मला इतका आनंद झाला की मेसेजवर दोन ओळी टाकून भागेना, म्हणून हे लांबलचक पत्र.

पहिलं सांगणं हे, की पॅनोरमाला किंवा शार्लोट लेकला टुरिस्ट बसलेल्या घोड्यांच्या मागे फिरू नकोस. तिथे घोडा ड्युटीवर असतो रे, मान खाली, कान ढिले, आणि फोटोत दिसतो तो वर बसलेला माणूसच. घोडा बघायचा तर आपल्या त्या पत्र्याच्या तबेल्यात, संध्याकाळी, खोगीर उतरल्यावर. खोगीर काढलं की पाठीवर घामाचा ओला ठसा उठलेला असतो, त्याच्या कडेने जांभ्याची लाल धूळ चिकटलेली, मग घोडा मानेपासून शेपटीपर्यंत असं काही अंग झटकतो की उजेडात ती सगळी धूळ उडताना दिसते. घोडेवाला खरारा करायला लागला की खालचा ओठ लोंबतो, डोळे अर्धे मिटतात, मागचा एक पाय ढिला सोडून घोडे उभ्या उभ्या डुलकी घेतात. मला त्यांचे हेच फोटो सगळ्यात जास्त आवडतात, दिवसभर लोकांना वाहून झाल्यावर तो वेळ त्यांचा स्वतःचा असतो.

आत गेल्यावर लगेच कॅमेरा काढू नकोस. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूचं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं आणि बरोबर शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून नेहमी खांद्याच्या बाजूने जा, हळू बोलत जा. मागून तर कधीच नको. फ्लॅश अजिबात नाही. तू उभा राहिलास की आधी एक कान तुझ्याकडे वळेल, मग डोळा, मग नाक पुढे येईल. दोन्ही कान टवकारले की क्लिक कर, कान मागे दाबलेले असतील तर कॅमेरा खाली घे आणि बाजूला हो, तो नको म्हणतोय.

आता लेन्स. मोबाईल किंवा वाइड लेन्स तोंडाजवळ नेलीस की नाक भोपळ्याएवढं आणि अंग एवढंसं येतं, त्यापेक्षा लांब उभा राहा आणि 85 मिमीच्या पुढची लांब पल्ल्याची लेन्स वापर. फोकस कायम डोळ्यावर. दारात उभा असलेला घोडा बेस्ट, मागे काळोख, तोंडावर बाहेरचा उजेड, आणि नीट जवळून बघितलंस तर डोळ्यातली बाहुली आडवी दिसेल, तिच्या वरच्या कडेला काळे छोटे गोळे लटकल्यासारखे असतात, आणि त्या डोळ्यात अख्खं अंगण दिसतं, पाण्याची बादली, झाड, तू स्वतः पण. पांढऱ्या घोड्याला कॅमेरा उगाच करडा करतो म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, थोडा वाढव, काळ्याला थोडा कमी कर. तिथली अबलख घोडी आठवते ना, तिच्यावर दोन्ही रंग असल्याने पांढरं जास्त उजेडाने कोरं पडणार नाही एवढं बघायचं, काळं नंतर एडिट करताना उजळता येतं.

धावता घोडा हवा असेल तर सकाळी लवकर ऑलिम्पियाच्या मोकळ्या मैदानावर जाऊ, जंगलात झाडांच्या सावल्यांनी अंगावर ठिपके पडतात. शटर स्पीड 1/1000 सेकंद ठेव. चौखूर उधळलेल्या घोड्याचे चारही पाय एका क्षणाला हवेत असतात, आणि ते चित्रकार काढायचे तसे लांब फाकलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले तेव्हा लोकांना हे पहिल्यांदा कळलं! तोच क्षण पकडायचा.

आणि मन्या, हे फोटो मला आत्ताच हवेत. दस्तुरी नाक्याच्या आत, म्हणजे माथेरान गावात, गाड्यांना बंदी म्हणून इतकी वर्षं माणसं, सामान, सिलिंडर सगळं घोड्यांच्या पाठीवर, 2022 च्या डिसेंबरात ई-रिक्षाची चाचणी सुरू झाली तेव्हापासून घोडेवाल्यांच्या घरात काळजी आहे. हातरिक्षा ओढणाऱ्यांचे कष्ट सुटावेत हे शंभर टक्के बरोबर, पण या घोड्यांवर पण घरं चालतात रे, घोडेवाल्यांना आपल्या घोड्याचा एक धड फोटो तरी भिंतीवर लावता यावा. म्हणून काढलेल्या प्रत्येक घोड्याची एक प्रिंट घोडेवाल्याला द्यायची, मॅट पेपरवर, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि काळा घोडा दिसतच नाही.

पावसाळ्यात नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन बंद असते, म्हणून दिवाळीनंतर ये, हवा पण स्वच्छ असते. गूळ, गाजरं आण, पण विचारल्याशिवाय कुठल्याच घोड्याला देऊ नकोस, काहींचं पोट नाजूक असतं. सुट्टी कधी मिळतेय ते कळव, मी तबेल्यात सांगून ठेवतो.

तुझाच,
अव्या