टाकळ्याचा वाटा आणि केळकरांची वज्री

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, रविवार नुसता झोपण्यात जातो. बघण्यासारखं असेलही इथं, पण एकटीनं कुठं जायचं?" फोन ठेवल्यावर आई ओट्यापाशी बराच वेळ नुसती उभी होती. मग म्हणाली, "आपण या आठवड्यात काय काय केलं ते तिला सविस्तर लिहा. फोनवर नको, लिहाच." म्हणून हे पत्र.

तुला एक सांगायचं राहूनच गेलं. तू जूनमध्ये गुवाहाटीला गेलीस आणि पहिले दोन आठवडे आम्ही दोघं घरात गप्पगप्पच वावरलो. तुझ्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं, ते कुणी पुरतं लावेना आणि कुणी उघडेना. मग आईनेच नेम घातला. दर आठवड्याला एक पदार्थ असा करायचा, जो या घरात वर्षानुवर्षं झालेला नाही. एक जागा किंवा वस्तू जवळ जाऊन नीट बघायची. आणि एक दिवस पावसात चालायचं. चालणं गुरुवारी, कारण शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या अंगाला पाय ठेवायला जागा नसते.

या गुरुवारी भाज्याच्या लेण्यांना गेलो. शिवाजीनगरहून सकाळची लोणावळा लोकल धरली, कामशेतच्या पुढचं मळवली स्टेशन. बाहेर चहा घेतला आणि चालायला लागलो. एक्स्प्रेस वेवरचा पूल ओलांडला की गाड्यांचा आवाज मागे पडतो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाचरं लागतात. भातलावणी ऐन भरात होती. प्लास्टिकच्या खोळी पांघरलेल्या बायका कमरेत वाकून, एकेक पाऊल मागे सरकत रोपं लावत होत्या. आई बांधावर थांबली ती हलेचना. आपण बारा महिने इंद्रायणी तांदूळ खातो. तो याच मावळातला, आणि तो चिखलात कसा उभा राहतो ते ती पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होती.

तुझी पाचवीची सहल इथंच आली होती. तुला त्यातलं माकड आणि हरवलेली पाण्याची बाटली एवढंच आठवतं, हे मला माहीत आहे. म्हणून चैत्यगृहाबद्दल जरा सावकाश सांगतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं हे काम. आतले अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत, वर जाताना आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत वरच्या कमानीचा भार पेलायला खांब असे तिरके रोवावे लागतात. इथं तर सगळा डोंगरच आहे, भार पेलायचा प्रश्नच नाही. तरीही कोरणाऱ्यांनी ते तिरकेच कोरले, कारण त्यांच्या हाताला तोवर लाकडाचीच सवय होती. आणि मान वर केलीस की छताला खऱ्याखुऱ्या लाकडाच्या कमानी बसवलेल्या दिसतात. मी त्या आजवर दगडीच समजत होतो! बावीसशे वर्षांच्या आसपासचं लाकूड, मावळातल्या एवढ्या पावसाळ्यांतून टिकलेलं. दर्शनी भागही मूळचा लाकडीच होता. तो गेला, त्याच्या खाचा तेवढ्या उरल्या आहेत. आई त्या खाचांवरून बोट फिरवत होती.

पुढे चौदा स्तूपांचा समूह आहे, पाच आत आणि नऊ बाहेर. तिथं राहून गेलेल्या भिक्षूंचे हे स्मारक-स्तूप. काहींवर नावं कोरलेली आहेत. धम्मगिरी. संघदीन. ब्राह्मी लिपी मला वाचता येत नाही, पण ती अक्षरं म्हणजे नावं आहेत हे कळल्यावर तिथून पटकन पुढे जाववलं नाही. अगदी शेवटच्या बाजूच्या विहारात रथातला सूर्य आहे, हत्तीवरचा इंद्र आहे, आणि त्याच भिंतीवर एक बाई दोन तालवाद्यं वाजवते आहे, शेजारी दुसरी नाचते आहे. तुझे तबल्याचे गुरुजी याच बाईबद्दल सांगायचे ना? जाऊन बघू म्हणत राहिलो आणि तुझ्या तीन परीक्षा होऊन गेल्या. आता तुझ्यासाठी फोटो काढून ठेवला आहे. उजेड कमी होता, पण हात स्पष्ट दिसतात.

लोहगड समोर ढगात होता. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यांत तो आहे. पाऊस वाढला म्हणून वर गेलो नाही. गडाच्या विंचूकाटा माचीची ती लांब सोंड तू आलीस की तुझ्याबरोबरच चालायची आहे.

उतरताना गावात एक आजीबाई गोणपाट अंथरून बसल्या होत्या. समोर पालेभाज्यांचे वाटे. आईने एक जुडी उचलून वास घेतला आणि म्हणाली, "हा टाकळा!" लहानपणी तिच्या आजोळी व्हायचा, पेणजवळ. चाळीस वर्षांत तिने तो खाल्ला नव्हता, आणि दर पावसाळ्यात तो आपल्या सोसायटीच्या कुंपणापाशी उगवतो! पानांच्या तीन जोड्या, संध्याकाळ झाली की मिटणाऱ्या. आपण गवत समजून त्याच्यावरून जात होतो. मी म्हणालो, मग तिथलाच खुडू की. तर आजीबाई म्हणाल्या, "वळखत नसंल तर रानातलं खुडू नगा. आन हा बी फुलं यायच्या आत खायाचा, मंग निबार व्हतो." त्यांच्याकडे कुर्डू होता, भारंगी होती, थोडी करटोली होती. आईने शेवळं विचारली, तर ती पहिल्या पावसातच संपली म्हणे. शेवळांत काकडं, म्हणजे ती आंबट फळं, नाहीतर चिंच घातली नाही तर घसा खाजतो, हेही त्यांनीच आईला बजावलं. आईला ते ठाऊक होतं, तरी तिने सगळं ऐकून घेतलं. वाट्याला वीस रुपये. मी घासाघीस करणार नाही हे आईने नजरेनेच सांगितलं.

टाकळा त्याच रात्री केला. कोवळी पानं तेवढी खुडून घेतली, बारीक चिरली. तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, भरपूर कांदा, मग पाला. झाकण न ठेवता परतला आणि वरून ओलं खोबरं. आईच्या आजोळी त्यात फणसाच्या आठळ्या घालत. आपल्याकडे मे महिन्यातल्या चार आठळ्या डब्यात शिल्लक होत्या, त्या उकडून घातल्या. कच्च्या पाल्याला एक उग्र वास असतो, तो फोडणीत निवतो. चवीला मेथीच्या जवळचा, पण मेथीहून मऊ. तांदळाच्या भाकरीबरोबर आम्ही दोघांनी कढई पुसून खाल्ली. भारंगी कडू, म्हणून ती आधी उकडून, पाणी पिळून टाकून, वाल आणि गुळाचा खडा घालून दुसऱ्या दिवशी केली. मला भारंगीच जास्त आवडली. आईचं मत टाकळ्याला.

जेवताना आई म्हणाली, "आजीची विळी कुठं गेली कुणास ठाऊक." तीन घरं बदलली, त्यात कधीतरी मोडीत गेली असणार. त्यावरून तिला केळकर संग्रहालय आठवलं आणि शनिवारी आम्ही तिथं गेलो. बाजीराव रस्त्याने आपण हजार वेळा गेलो आहोत, पण तुला घेऊन आत कधी गेलो नाही. ही चूक मला या वेळी फार जाणवली.

दिनकर केळकर चष्म्यांचे व्यापारी होते आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. गावोगाव फिरून जमवलेल्या वस्तूंचं हे संग्रहालय त्यांनी त्या मुलाच्या नावाने उभं केलं. 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' या नावातला राजा म्हणजे तो. मी इतकी वर्षं पाटी वाचत होतो आणि 'राजा' ही पदवी समजत होतो. वीस हजारांच्या घरातल्या वस्तू त्यांनी आणि कमलाबाईंनी मिळून जमवल्या, आणि पुढे सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हाती दिला. मांडलेला आहे तो त्यातला थोडाच भाग.

तिथं तलवारी आहेत, कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही आहे. पण आम्ही थांबलो ते अडकित्त्यांपाशी आणि वज्रींपाशी. वज्री म्हणजे टाच घासायची वस्तू. खालचा भाग खरबरीत, आणि वर धरायला पक्षी, प्राणी, नाना आकार. टाच घासायच्या वस्तूला कुणीतरी इतक्या मायेने चोच आणि डोळे दिले! आणि जिचं कुठल्याही बखरीत नाव नाही, अशा बाईच्या हातात रोज सकाळी ते पाखरू येत असणार. ज्याचा मुलगा गेला आहे असा माणूस दारोदार फिरून लोकांच्या घरातले दिवे, दौती, अडकित्ते गोळा करतो, हे मला आधी समजत नव्हतं. त्या वज्रीसमोर उभं राहिल्यावर थोडं समजलं. आईने माझा हात धरला होता. आम्ही दोघांनीही तुझं नाव घेतलं नाही.

माऊ, मी एकसष्ट वर्षांचा आहे आणि या गोष्टी घरापासून तास-दीड तासाच्या आत होत्या. तुला त्या एकसष्टाव्या वर्षी सापडू नयेत, म्हणून तुझ्या गावाबद्दल मी थोडं विचारून-वाचून ठेवलं आहे. तिथल्या बाजारात या दिवसांत ढेकिया मिळतो, नेच्याचे कोवळे, टोकाला गोल वळलेले कोंब, जुडी बांधून. टाकळ्याचा भाऊच समज. बोहाग बिहूला, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या सणाला, तर आसामी घरांत एकशे एक तऱ्हांचे शाक खायची रीत आहे. ऑफिसातल्या कुणाच्या तरी आईला ते ठाऊक असणारच, एवढ्याशा प्रश्नावरून तुला तिच्या स्वयंपाकघरात बोलावणं येईल. दिघलीपुखुरीपाशी राज्य संग्रहालय आहे, तिथं एकटीला जायला काहीच हरकत नाही. ब्रह्मपुत्रेतल्या बेटावरचं उमानंदाचं देऊळ मात्र पाणी ओसरल्यावर. नदी फुगलेली असताना नावेत बसायचं नाही, काठावरून बघायची. ते पात्र काठावरूनसुद्धा अर्धा दिवस पुरेल.

रविवारी रात्री मला लिही. दोन ओळी चालतील, पण काय खाल्लंस आणि त्याला तिकडे काय म्हणतात ते नावानिशी लिही.

पार्सल उद्या टाकतो. त्यात वाल, आमसुलं आणि तुझी लाल छत्री आहे. छत्रीची मोडलेली काडी बदलून घेतली आहे.

तुझा,
बाबा

ता.क. आई विचारते आहे, ढेकिया आधी उकडून घेतात की थेट फोडणीत टाकतात? विचारून कळव. तिने वही काढून ठेवली आहे.