दीक्षारंभ की सत्कारारंभ?

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये नवागत विद्यार्थ्यांसाठी ‘दीक्षारंभ’ हा उपक्रम आखून दिला. मुलीच्या महाविद्यालयातला असा कार्यक्रम नुकताच पाहिला. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, चार भाषणे. तीन तासांत दीक्षा पूर्ण! (चहा मात्र फक्कड होता.) मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), क्रेडिट (श्रेयांक) ही काय भानगड आहे, एखादा विषय राहिला तर पुढे काय, महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या कागदावाचून अडतो, यावर चकार शब्द नाही. खेड्यातून आलेली मुले नेमकी तिथेच गांगरतात. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरून घेतले. तक्रार कोणाकडे करायची, ते सांगायचे राहिले. अभिप्रायाचा गुगल फॉर्म तर त्याच संध्याकाळी आला. वर्गाचे तोंडही न पाहिलेली मुले काय अभिप्राय देणार? पहिल्या सत्राची परीक्षा झाल्यावर विचारा आणि आलेली उत्तरे सूचनाफलकावर लावा. पुढच्या वर्षी भाषणे कमी करून दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दहा-दहा नवागतांचे गट द्यावेत. ग्रंथालय, परीक्षा विभाग, शिष्यवृत्तीची खिडकी ती हिंडून दाखवतील. शालींचा खर्चही वाचेल.

– एक पालक, बार्शी