हिरवी टिक बघून घेतलेला सायकल कॅरिअर : तक्रार आणि पूर्ण रिफंडची मागणी

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : टो-बॉलवर (गाडीच्या मागे ट्रेलर ओढायला लावलेल्या गोळ्यावर) बसणारा, दोन ई-सायकलींचा कॅरिअर

नमस्कार,

आधी तीन मेल केलेत. पहिल्याला आपोआप जाणारं धन्यवादाचं उत्तर आलं, दुसऱ्याला फोटो आणि बिल मागवलंत ते पाठवलं, तिसऱ्याला "उत्पादन सूचनांनुसार वापरलेलं दिसत नाही" अशी एक ओळ आली आणि तक्रार बंद. म्हणून आता सगळं सविस्तर लिहितेय, कृपया शेवटपर्यंत वाचा.

आमच्याकडे दोन इलेक्ट्रिक सायकली आहेत. (ई-बाईक म्हटलं की लोकांना मोटारसायकल वाटते म्हणून मी सायकलच म्हणते.) माझा गुडघा कुरकुरतो त्यामुळे मोटर नसेल तर चढावर मी सरळ उतरून ढकलत जाते, आणि सुट्टीत सगळ्यांनी मिळून सायकल चालवायची तर या दोन सोबत नेणं भागच आहे, मुलांच्या छोट्या सायकली काय कुठेही भाड्याने मिळतात. विमानाचा प्रश्नच नाही, कारण प्रवासी विमानात फार तर १६० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी आणि तीही परवानगी घेऊन नेता येते आणि आमची एकेक बॅटरी ५०० ची. टपावरचे कॅरिअर बघितले तर बहुतेकांची मर्यादा एका सायकलीला २० किलो किंवा त्याहून कमी, शिवाय एवढं धूड डोक्याच्या वर उचलणार कोण? म्हणून मागे टो-बॉलवर बसणारा, तुमचा.

तुमच्या साईटवर "तुमच्या गाडीला बसतो का ते तपासा" असा चौकोन आहे. त्यात मी गाडीचं मॉडेल, वर्ष, टो-बॉल आहे का, सगळं भरलं आणि भली मोठी हिरवी टिक आली. खाली लिहिलेलं, ई-सायकलींसाठी योग्य, दोन सायकली, एकूण ६० किलो. मी खूश. तरीपण मनात शंका होती म्हणून चॅटवर विचारलं की बॅटरी काढावी लागेल का, तर उत्तर आलं, "नाही मॅडम, नो प्रॉब्लेम, ६० किलो कपॅसिटी आहे." स्क्रीनशॉट सोबत जोडलाय.

आता गंमत बघा. टो-बॉलवर उभा (वरून खाली दाबणारा) भार किती चालतो याची मर्यादा गाडीगणिक वेगळी असते, आमच्या टो-बॉलच्या दांड्यावरच्या पत्र्यावर ती ७५ किलो लिहिलीय. या ७५ मध्ये नुसत्या सायकली नाही तर कॅरिअरचं स्वतःचं वजनसुद्धा धरायचं असतं. तुमचा कॅरिअर २२ किलोचा. म्हणजे सायकलींसाठी उरले ५३. तुमचे ६० किलो आमच्या गाडीला कधी लागूच होणार नव्हते! माझी सायकल २६ ची, नवऱ्याची २८ ची, दोन्ही मिळून ५४. (घरच्या वजनकाट्यावर नवरा आधी एकटा उभा राहिला, मग एकेक सायकल उचलून उभा राहिला, आणि वजाबाकी केली. त्याचा स्वतःचा आकडा इथे देत नाही.) २२ आणि ५४ मिळून ७६. एक किलोने बाहेर, आणि तेही कुलूप, माझ्या हँडलची बास्केट, पाण्याच्या बाटल्या न धरता. बॅटऱ्या काढल्या तर साडेतीन-साडेतीन असे सात किलो कमी होऊन ६९ होतात, म्हणजे चालतं. थोडक्यात, बॅटरी काढणं हाच एकमेव मार्ग होता आणि तुमचा माणूस म्हणाला काढायची गरज नाही. हा हिशोब मला निघायच्या आदल्या रात्री गाडीचं पुस्तक चाळताना लागला, तुमच्या साईटवर नाही.

तुमच्या त्या चौकोनात सायकलीचं वजन विचारलेलंच नाही हो! मग टिक कशाच्या जोरावर देता? फोनवर मला ऐकवलं की "तुमच्या गाडीची लिमिट आम्हाला कशी माहीत असणार." अहो, मॉडेल आणि वर्ष तुम्हीच माझ्याकडून भरून घेतलंत ना?

बरं, बॅटऱ्या काढल्या. त्या पुढच्या सीटखाली मुलीच्या शालीत गुंडाळून ठेवल्या, कारण डिकी सामानाने भरलेली. आणि मग जेवायला थांबलो की एक जण गाडीपाशी, कारण उन्हात बंद गाडी तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी तरी जास्त तापू शकते आणि लिथियम बॅटरीला ते अजिबात मानवत नाही. याची तक्रार नाही माझी, बॅटरीचा स्वभावच तो. पण बॅटरी काढली की फ्रेममधली जोडणीची पिन उघडी पडते, पावसात वेगाने जाताना तिथे पाणी घुसतं. त्यासाठी चॅटवरच्या त्याच माणसाने मला पूर्ण सायकली झाकणारं कव्हर विकलं. कॅरिअरच्या पुस्तिकेत चौथ्या पानावर काय लिहिलंय? कव्हर घालून गाडी चालवू नये, शिडासारखा वारा भरतो. पुस्तिका तुमची, कव्हर पण तुमचंच. शेवटी त्या पिनांवर प्लास्टिकची पिशवी आणि चिकटपट्टी लावली.

मग सायकली चढवायला घेतल्या. जड सायकल गाडीच्या बाजूला ठेवायची, हे आम्हाला माहीत होतं, तसंच केलं, नवऱ्याची आत आणि माझी बाहेर. माझी लेडीज सायकल, मधला दांडा नाही, आणि जी तिरकी नळी आहे तिच्यातच बॅटरी बसते म्हणून ती चांगली मनगटाएवढी जाड. तुमच्या कॅरिअरच्या हाताचा क्लॅम्प (फ्रेम पकडणारा चिमटा) तिच्यावर बंदच होईना. तुमचा जोडदांडा मिळतो, सीट आणि हँडलच्या मध्ये लावायचा, पण त्यावर बारीक अक्षरात कमाल १५ किलो लिहिलंय! माझी सायकल बॅटरी काढूनही साडेबावीस. ई-सायकलींचा कॅरिअर म्हणून विकता, आणि जाड नळी आणि बिनदांड्याची फ्रेम हे तर ई-सायकलीत सर्रास असतं, कोणासाठी बनवलाय मग हा? शेवटी सीटच्या खालच्या नळीला पकडलं. वायरचं तर सांगतच नाही, तुमच्या लाईटच्या प्लगला १३ पिना आणि आमच्या गाडीच्या सॉकेटला ७, ते जोडायचा तुकडा वेगळा घ्यायचा असतो हे पार्सल उघडल्यावर कळलं, तो आणेपर्यंत अर्धा दिवस गेला.

खरी तक्रार चाकाच्या पट्ट्यांची. टायर रुंद असल्यामुळे पट्टा कसाबसा पोचतो, बक्कलमध्ये जेमतेम दोन दाते अडकतात. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे थोडं अंतर गेल्यावर थांबून सगळं पुन्हा आवळलं, हे मुद्दाम लिहितेय कारण तुम्ही तेच विचारणार. साधारण ४० किलोमीटरवर मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली, आम्हाला वाटलं ओव्हरटेक करायचंय, नवऱ्याने बाजू दिली तर तो शेजारी येऊन हातवारे करायला लागला. थांबून बघतो तर माझ्या सायकलीचं पुढचं चाक कॅरिअरच्या पन्हाळीतून पूर्ण बाहेर, पट्टा लोंबकळतोय, आणि सायकल त्या एका क्लॅम्पवर झुलतेय. मागे ट्रक होता. मुलं गाडीत होती. मला पुढचे दहा मिनिटं बोलताच येईना.

कपडे वाळत घालायला नेलेली दोरी होती, तिने बांधून साठच्या वेगाने उरलेला रस्ता काढला आणि येताना तसेच आलो. माझ्या सायकलीचा डिस्प्ले नवऱ्याच्या सायकलीच्या पेडलवर घासून खरवडलाय, मडगार्ड वाकलंय. फोटो परत जोडतेय, पट्ट्यात किती दाते अडकतात ते मोजता येईल असा जवळून काढलेला पण आहे.

आता मला काय हवंय. कॅरिअर आणि कव्हरचे पूर्ण पैसे, त्यातून वापराचे म्हणून काही न कापता. डिस्प्ले आणि मडगार्डच्या दुरुस्तीचं बिल पाठवतेय, तेही. नवीन पट्टे पाठवतो असं फोनवर म्हणालात ते नकोत, लांब पट्टे आले तरी क्लॅम्प तोच राहणार आणि ७५ चे काही ८२ होणार नाहीत. आणि पैसे देवो न देवो, त्या साईटवरच्या चौकोनात सायकलीचं वजन आणि टो-बॉलची मर्यादा विचारायला लागा, किंवा ती टिक काढून टाका. माझ्यासारखीच कुणीतरी आज रात्री ती बघून ऑर्डर देत असेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर हीच सगळी कागदपत्रं घेऊन मी ग्राहक आयोगात जाईन, स्क्रीनशॉट जपून ठेवलेत.

कॅरिअर सध्या आमच्या दाराच्या मागे उभा आहे. परत न्यायला माणूस कधी पाठवताय ते कळवा, शक्यतो दोन जण पाठवा, २२ किलोचा आहे आणि पायऱ्या आहेत.

आपली,
एक ग्राहक
(ऑर्डर नंबर आणि बिल सोबत जोडलं आहे)